पुढे चाललेलं

टेबलं मांडून झाली होती. लितिया ग्लासांचा ट्रे घेऊन बारकडे निघाली होती, तेवढ्यात पानांच्या कुडापलीकडून सेमेसामामाची हाक आली.

"लितिया, इकडे ये. तिथंच थांब, आत बघू नकोस."

ती कुडाशी थांबली. आत तापल्या दगडांवर चालणारे पुरुष बसले होते आणि त्यांत तिचा नवरा अपाकुकीही होता. बेंगा बेटाची ही माणसं. हॉटेलात पाहुण्यांपुढे चालायचं असलं, की आधी कितीतरी दिवस बायकांपासून लांब राहायची, नारळाचा कणही तोंडात घालायची नाहीत. आणि ज्याची बायको पोटुशी, त्याने तर दगड तापवलेल्या त्या खड्ड्याकडे फिरकायचंसुद्धा नाही. दगडांचा जो कोणी धनी आहे, त्याला एकाच्या नावावर दोघं आलेली खपत नाहीत.

"सगळ्यांच्या बायकांना विचारलं, तुलाही विचारतो," मामा म्हणाला. "घरी काही आहे का?"

"काही नाही, मामा."

"नक्की?"

"असतं तर तुमच्या भाच्याने एव्हाना गावभर दवंडी पिटली असती."

आत हशा पिकला. त्यात अपाकुकीचं हसू तिला वेगळं ऐकू आलं.

दवंडीचं तिने खोटं सांगितलं नव्हतं. मागच्या दोन्ही खेपेला त्याने दिवस राहिल्या राहिल्या घरोघरी जाऊन सांगितलं होतं, चालणाऱ्यांतून स्वतःचं नाव काढून घेतलं होतं. आणि दोन्ही खेपेला सगळं वाहून गेल्यावर तो लोकांच्या नजरा चुकवत किनाऱ्यावर बसून राहिला होता. स्वतःचं दुःख तिने गिळलं. त्याचं ते बसणं मात्र तिला बघवलं नव्हतं. या खेपेला नीट रुजेपर्यंत कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. हा प्रश्न असा चारचौघांत येईल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बारपाशी उनाइसी लिंबं चिरत होती. तिचाही नवरा त्याच कुडाआड होता.

"माझा काय म्हणतो माहितीये?" ती म्हणाली. "म्हणे, बायकोशिवाय निभतं गं, नारळाशिवाय जीव जातो. येऊ दे घरी, नारळाशीच लग्न लावून देते त्याचं." मग लितियाकडे बघून तिने सुरी खाली ठेवली. "तुला काय झालं? पांढरी पडलीस."

"उनाइसी, यांतलं कधी कोणी भाजलंय का?"

"नेम पाळला नाही तर भाजणारच की. आपल्या गावातल्या वाकाचे पाय नाही का पाहिलेस? अजून भिंत धरून चालतो."

लितियाने ट्रे तिथेच ठेवला आणि कुडाकडे पळाली. काय होईल ते होवो, सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. पण कुडामागे कोणी नव्हतं. पुरुष मागच्या वाटेने खड्ड्याकडे गेले होते आणि लाकडी ढोल सुरू झाला होता. पाहुणे खुर्च्या सोडून दोरीपाशी दाटले होते, सगळ्यांचे फोन वर. ती त्या गर्दीत घुसली, तर एका बाईने तिचा दंड धरला. माशात नारळाचं दूध आहे का, असं ती विचारत होती.

"आहे," लितिया म्हणाली. "बाजूला व्हा, मला जाऊ द्या."

बाई हसली आणि तिने फोटोसाठी लितियाला जवळ ओढलं.

अपाकुकीने दगडावर पाय ठेवला तेव्हा लितिया दोरीपर्यंतही पोचली नव्हती. तिला डोक्यांच्या फटीतून फक्त त्याचे घोटे दिसले आणि त्यांवर बांधलेला वाळका पाला. तो सावकाश चालला होता, नेहमीपेक्षाही सावकाश, मान खाली घालून. तिच्या ओटीपोटात एक कळ आली आणि गेली. भीतीने आली असेल असं तिला वाटलं. मग टाळ्या झाल्या.

तो स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर येऊन बसला, तेव्हा तिने त्याचे दोन्ही पाय मांडीवर ओढून घेतले. तळव्यांवर चट्टा नव्हता, फोड नव्हता. घोट्यावरचा वाळका पालासुद्धा करपला नव्हता. तिला रडू फुटलं.

"रडतेस काय, वेडे?" तो म्हणाला. "आज तर मला दगड लागलेच नाहीत. पुढे कोणीतरी चाललं होतं."

"मामा असतील."

"मामा मागे होते. हे एवढंसं होतं, माझ्या गुडघ्याइतकंही नाही. ते ज्या दगडावर पाय ठेवायचं, तो दगड विझायचा. मी आपला त्याच्या पावलांवर पाय टाकत गेलो."

पलीकडे बँड सुरू झाला. पाहुण्यांना नाचायला बोलावत होते, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. लितियाचा हात तिच्याही नकळत एप्रनखाली गेला. कळ परत आली होती, आणि या वेळी ती गेली नाही.

"देव असेल," ती कशीबशी म्हणाली.

"मामाही तेच म्हणाले." अपाकुकी आपल्या कोऱ्या तळव्यांकडे बघत राहिला. "पण देवाला कशाला चटके बसतील? ते सारखं मागे वळून माझ्याकडे बघत होतं, लितिया. वाटभर रडत होतं."