प्लगचा रंग

"चौथ्यांदा नाही खोलणार!" तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. "तीनदा खोलला, तीनदा धुतला, पेट्रोल सोडणारं जेट बदलून झालं. कार्ब्युरेटरमध्ये काही दोष नाही. दोष दुसरीकडे आहे."

गॅरेजमध्ये रोपवाटिकेचा मालक हाताची घडी घालून उभा होता. त्याची चार जाडजूड चाकांची टू-स्ट्रोक एटीव्ही मधोमध ठेवलेली. तिला तो लाडाने 'बेडकी' म्हणायचा. सध्या बेडकीचं डोकं फिरलं होतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन शांत होईना, किंचाळतच राही. स्पार्क प्लग काढावा तर तपकिरी असायच्या ऐवजी खडूसारखा पांढरा. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. असंच चालवलं तर एक दिवस पिस्टनच वितळायचा.

ही जास्तीची हवा येते कुठून? दिराकडे उत्तर तयार होतं.

"वहिनींनी सेटिंगची वाट लावलीय, दुसरं काय!" तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणाला. "उद्याच नवा माणूस बोलावतो. वहिनी बसतील परत काउंटरवर, नटबोल्ट विकत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते कार्ब्युरेटरचं टेबल तिला दिराने दिलं नव्हतं. सासऱ्यांनी दिलं होतं, सहा महिन्यांपूर्वी, आपण होऊन. चाळीस वर्षं त्या टेबलाला त्यांनी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता. "मी आता जड कामं बघतो," एवढंच म्हणाले आणि उठले. दिलं खरं, पण वर रोजची परीक्षा लावली. कुठल्याही गाडीचा प्लग निघाला की हाक यायची, "सूनबाई, रंग सांग." जेट हातात घेतलं की, "नंबर वाच, मोठ्याने." गिऱ्हाइकांसमोर, शाळेतल्या पोरीसारखं! दातओठ खात तिने सहा महिने रंग सांगितले होते, नंबर वाचले होते. आणि आज हे.

"कार्ब्युरेटर गुन्हेगार आहे ना?" ती म्हणाली. "मग त्याला घरी पाठवू."

तिने अख्खा कार्ब्युरेटर काढला आणि दिराच्या हातात दिला. "धरा भाऊजी. सोडू नका, पळून जाईल."

मालकाला हसू आलं. ते त्याने मिशीत दाबलं.

कार्ब्युरेटर निघाला तिथे आणि सायलेन्सरच्या तोंडाला तिने रबरी बूच ठोकलं. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण आणि त्यामागचं जड फ्लायव्हील उतरवलं. मग सायकलच्या पंपाने इंजिनात बेताची हवा भरली आणि ब्रशने सगळीकडे साबणाचा फेस लावत गेली. पॅकिंगला फेस तसाच. सिलेंडरच्या जोडाला तसाच. फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलला फेस लागला मात्र, आणि फुग्यांवर फुगे यायला लागले. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. सील तिरकं बसलं होतं. एका बाजूने पार उचललेलं.

"अहो, हे तर गेल्या महिन्यात तुमच्याकडेच बदललंय," मालक म्हणाला.

त्या गॅरेजचा एक नियम होता. स्क्रू आवळला की आवळणाऱ्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे काम कुणाचं ते विचारायला नको. दिराचा निळा. तिचा लाल, नेलपॉलिशचा, त्यावरूनही टोमणे खाऊन झाले होते. सीलभोवतीच्या प्लेटवर तीन ठिपके होते. तिन्ही पांढरे.

पांढरा सासऱ्यांचा. दिराने हातातला कार्ब्युरेटर हळूच खाली ठेवला.

सासरे खांबाला टेकून उभे होते. सकाळपासून आपल्याला तीनदा खोलू दिलं आणि स्वतः मात्र मुकाट उभे राहिले, याचा तिला असा काही संताप आला की बेडकीचा प्लग काढून ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, रोज मला विचारता. आज तुम्ही सांगा. रंग कोणता?"

त्यांनी प्लग घेतला. बोटांत फिरवला, अंगठ्याने टोक चोळलं, नाकाशी नेलं. "तपकिरी," ते म्हणाले. "झकास आहे की."

"अहो बाबा, पांढराफटक आहे तो," दीर पुटपुटला.

तिने वळून त्या प्लेटकडे पुन्हा पाहिलं. मघाशी रागाच्या भरात तिने फक्त रंग पाहिला होता. ठिपके तीन होते, स्क्रूही तीन होते. पण एकही ठिपका स्क्रूवर नव्हता. प्रत्येक ठिपका अर्धं बोट बाजूला, नुसत्या पत्र्यावर पडलेला.

सासऱ्यांनी मान ताठ केली. चाळीस वर्षांत कुणापुढे वाकवली नव्हती, आज तरी का वाकवतील!

"नवा माणूस बोलव," ते दिराला म्हणाले. "सील बसवायला, माझ्या जागी. माझी चूक आहे, हे या मालकांनाही सांगतो. कार्ब्युरेटरचं टेबल हिचंच. त्याला कुणी हात लावायचा नाही."

"आणि रोजची माझी परीक्षा?" तिने विचारलं. आवाज चढवायला गेली, पण तो चढला नाही.

"परीक्षा कसली गं?" सासरे म्हणाले. "सहा महिने झाले, तुझ्याच डोळ्यांनी बघतोय मी."