घासून लख्ख

“कडेनं धरा हं, ताई. मधे बोट लागता कामा नये,” जुन्या नाण्यांचा दुकानदार म्हणाला.

हे वाक्य ती बावीस वर्षं सासऱ्यांकडून ऐकत आली होती, आणि तेही बऱ्याच चढ्या आवाजात.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात तिला सासऱ्यांच्या टेबलावर चांदीची सहा काळवंडलेली नाणी दिसली होती. सासरे कामावर गेलेले. नव्या सुनेनं मोठ्या हौसेनं भांड्यांची पावडर घेतली, जुनं फडकं घेतलं आणि सहाही घासून लख्ख केली. सासरे घरी आले तेव्हा बशीत मांडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बशी दूर सारली. मग म्हणाले, “मला आज जेवायचं नाही.”

जुन्या नाण्यावरचा काळपटपणा हा मळ नसतो, ती त्याची कातडी असते. ती सोलली की हातात नुसता चांदीचा तुकडा उरतो, हे नवऱ्यानं तिला नंतर समजावलं. तेव्हापासून नाण्यांच्या कपाटाला कुलूप लागलं. आणि घरी कुणी आलं की सासऱ्यांचा विनोद ठरलेला: “आमच्या सूनबाईंचा हात फार स्वच्छ. खिशात नाणी असतील तर सांभाळा.” पाहुणे हसायचे. तीही हसायची. काय करणार?

आता सासऱ्यांची नजर विरत चालली होती. माणूस दिसायचा, त्याचा चेहरा दिसायचा नाही. जहाजाच्या छापाच्या नाण्यांचा त्यांचा अल्बम एका सालापाशी अडला होता. एकच कप्पा रिकामा, तोही तीस वर्षं. परवा त्यांनी साठवलेले तीन हजार काढले. नवरा म्हणाला, “बाबा, मी जातो की.” सासरे म्हणाले, “तू बस.” आणि पाकीट तिच्या हातावर ठेवलं. “एवढ्यात बसेल ते सगळ्यांत चांगलं आण. पुन्हा पैसे साठवण्याइतकी सवड आता मला नाही.”

तेच पाकीट घेऊन ती आज दुकानात आली होती.

दुकानदारानं आधी नऊ हजारांचं नाणं दाखवलं. दुसऱ्याच्या लग्नातले दागिने बघावेत तसं तिनं ते बघितलं आणि परत दिलं. मग त्यानं मखमलीवर दुसरं ठेवलं. आरशासारखं झळझळीत.

“हे बरोब्बर तीन हजार. साल तुमचंच. जसं काही कालच टाकसाळीतून बाहेर पडलंय.”

तिनं ते दोन बोटांत कडेनं धरलं आणि खिडकीच्या उजेडात कलतं केलं. केसाहून बारीक रेघा उठून दिसल्या. सगळ्या एकाच दिशेच्या. अक्षरांच्या खाचांत पांढुरकं काहीतरी बसलं होतं. तिच्या मनगटाला त्या रेघा अगदी ओळखीच्या वाटल्या.

“हे घासलंय.”

“छे हो! जपून ठेवलेलं आहे.”

“जपून ठेवलेल्यावर फडक्याच्या रेघा कशा येतील, दादा? पावडरसुद्धा अडकलीय अजून. धुवायचा कंटाळा केलाय कुणीतरी.”

दुकानदारानं भिंग काढलं. पाहिलं. भिंग खाली ठेवलं आणि तो खुर्चीत जरा ताठ बसला.

“तुम्ही या धंद्यातल्या का?”

“नाही. घासणाऱ्यांतली.”

तो उठून आत गेला. येताना कागदी पाकिटातलं एक नाणं घेऊन आला. करडं, मंद, बघताक्षणी कुणी प्रेमात पडणार नाही असं. तिनं भिंग मागून घेतलं. सासरे सांगायचे तसे जहाजाच्या शिडाचे दोर मोजले. नऊ. एकही झिजलेला नाही. कडेला ठेच नाही, रेघ नाही.

“साडेतीन,” दुकानदार म्हणाला.

“तीन. हे पैशांचं पाकीट बघा, यात तीनच्या वर एक दमडी नाही.”

त्यानं एकदा झळझळीत नाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “न्या. पण त्या दुसऱ्याबद्दल बाहेर बोलू नका.”

“मी कुठल्या तोंडानं बोलणार?” ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही.

घरी सासरे खिडकीशी वाट बघत बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि नाणं कडेनं अलगद पकडलं.

“चकाकतंय?”

“नाही.”

“मग?”

“जुन्या आरशाच्या पाठीसारखं आहे. कडेला निळसर झाक.”

“दोर?”

“नऊच्या नऊ.”

त्यांचा अंगठा नाण्याच्या कडेवरून फिरला. “त्यानं आधी दुसरं दाखवलं असेल.”

“दाखवलं. ते घासलेलं होतं.”

“तुला कसं कळलं?”

आता लपवायचं तरी काय? “एकदा स्वतः घासलं की कळतं, बाबा.”

सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ते कपाट उघडलं. करडं जहाज रिकाम्या कप्प्यात सरकवलं. रांग पुरी झाली.

“आता खालचा खण,” सासरे म्हणाले. “पत्र्याचा डबा आहे बघ.”

तिनं झाकण काढलं. डबाभर नाणी डोळे दिपतील अशी लखलखत होती. तिनं एक उचलून उजेडात कलतं केलं.

“एकेचाळीस आहेत,” सासरे म्हणाले. “सगळी मी घासलेली. तू या घरात यायच्या आधी.”