मेसला फोन

“एवढंच सांगा, बोट आहे की बुडाली?” ॲडमिरलच्या टेबलापुढे उभ्या झिनाईदानं झोपलेलं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. नवऱ्यानं पाणबुडीवर जाताना हळूच सांगितलेली परतीची तारीख कधीच उलटली होती.

“सोव्हिएत आरमारात बायकांना अशा गोष्टी सांगत नाहीत,” ॲडमिरल थकल्या आवाजात म्हणाला.

“तुम्हीही पाणबुडीवरच होता ना? ॲडमिरल झालात आणि आमच्यातले राहिला नाहीत!”

काळ्याभोर केसांचा लेफ्टनंट म्हणून ॲडमिरल पाण्याखाली गेला होता, कप्तान म्हणून शेवटचा वर आला तेव्हा ते पांढरे झाले होते. त्या सगळ्या वर्षांत त्याची बायको अशीच कुणाकुणाच्या टेबलापुढे उभी राहिली होती, आणि हेच वाक्य ऐकून घरी गेली होती.

त्यानं डोळे चोळले आणि मेसला फोन लावला. “उद्यासाठी डुकराचं एक पिल्लू भाजायला घ्या.”

मोहिमेवरून परतलेल्या कप्तानाला भाजलेलं पिल्लू द्यायची तळावरची रीत होती, आणि सध्या समुद्रात बोट एकच होती.

“हसायचं ते इथंच हसून घे, पोरी. मी काही बोललेलो नाही.”

ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. “बाहेर अजून तिघी बसल्यात हो. त्यांचं काय?”

“एकेकीला आत पाठव,” ॲडमिरलनं पुन्हा फोन जवळ ओढला. “मेसवाले काय, म्हातारा कामातून गेला म्हणतील.”