फाटका आवाज

सोल्डरिंगचा धूर विरायच्या आत त्र्यंबकरावांनी लेकीच्या गिटारची वायर पायाने दाबायच्या पेडलच्या पत्र्याच्या डबीत खोचली. "वाजव आता. एवढीशीसुद्धा खरखर नाही."

उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. ऋजुताने दिलेल्या आकृतीप्रमाणे त्यांनी पेडल जोडलं, तर पहिल्याच दिवशी आवाज फाटला. मग काय, ते इरेला पेटले. ट्रान्झिस्टर बदलले, शेवटी आपल्या मनाने एक जादा रेझिस्टर घातला, तेव्हा आवाज ताळ्यावर आला.

ऋजुताने तार छेडली. सूर कसा धुऊन काढल्यासारखा निघाला. तिचा चेहरा पडला.

"बाबा, हे फझ पेडल आहे! फाटका आवाजच तर हवाय मला. उद्या कार्यक्रम आहे."

"म्हणजे पहिल्याच दिवशी जमलं होतं की!" त्र्यंबकराव आधी ओशाळले, मग खो खो हसत सुटले. चिमट्याने त्यांनी तो जादा रेझिस्टर काढून टाकला.

गिटार अशी गरजली की तावदानं थरथरली.

पलीकडून साळवीवहिनी ओरडल्या, "भावोजी, कुणाचा रेडिओ एवढा बिघडलाय?"

"बिघडला नाही हो," ते खिडकीतून म्हणाले, "आत्ता कुठे दुरुस्त झालाय!"