वस्तूचं वर्णन: बोलकं यंत्र

“बोलकं यंत्र,” सीमाशुल्क कचेरीतल्या साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला. “यंत्र म्हटलं की पूर्ण किमतीवर शुल्क, आणि वर विक्रीकर. वर्णन तुम्हीच लिहिलंय ना?”

“मीच,” मुलगी म्हणाली.

पार्सल येतंय म्हटल्यावर आनंदाच्या भरात तिने तसं लिहून टाकलं होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा! सगळी शिल्लक ते मागवण्यात गेली होती. आज कर भरला नाही तर पार्सल आल्या वाटेने परत जाणार होतं. बाकावर तिचे वडील गळ्याला रुमाल बांधून, मांडीवर पाटी घेऊन बसले होते.

“साहेब, आत नुसती सीडी आहे हो. तिच्यात प्रोग्राम. आपण टाईप करायचं, कॉम्प्युटर ते बोलून दाखवतो. घशाचं ऑपरेशन झालं, बाबांचा आवाज गेला.”

“प्रोग्रामला कर नाही. सीडीपुरता लागेल, तो किरकोळ. पण मी कागद बघतो बाई, आणि कागद यंत्र म्हणतोय.”

“मग लावून बघा की!”

साहेबांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. तपासणी नियमात बसत होती. त्यांनी पार्सल फोडलं, सीडी टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये सरकवली, ती सुरू व्हायची वाट पाहिली आणि वडिलांना आपली खुर्ची दिली.

वडिलांनी उभा जन्म भाजीबाजारात लिलाव पुकारला होता. त्यांना गप्प बसवणं घरात कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. आता आठ महिने पाटीवर दोन-चार शब्द लिहायचे आणि पुसायचे, एवढंच बोलणं उरलं होतं. ते एका बोटाने अक्षरं शोधू लागले. रांगेत चुळबुळ सुरू झाली.

“नमस्कार साहेब,” कॉम्प्युटर म्हणाला. सर्दी झाल्यासारखा सपाट आवाज होता, बाबांचा तर मुळीच नव्हता. “यंत्र तुमचं. खुर्ची तुमची. आमचं यात काय?”

रांगेत हशा पिकला. साहेबांनी हसू दाबत अर्जातल्या वर्णनावर काट मारली, वर ‘संगणक प्रोग्राम, एक सीडी’ असं लिहिलं, सही केली. शिक्का उचलला आणि सवयीने सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

“एक वार,” कॉम्प्युटर म्हणाला.

साहेबांनी मान वर केली.

“दोन वार.”

“तीन वार!” अख्खी रांग ओरडली, आणि शिक्का पडला.

मुलीच्या जिवात जीव आला. हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिने पर्स झाडून चिल्लर काढली, शेजारच्या खिडकीवर सीडीपुरता कर भरला आणि पावती घेऊन परत आली. वडील अजून खुर्चीतच होते.

“पुढचे कोण?” कॉम्प्युटर विचारत होता. “माल काय आणलाय? लाजू नका, पुढे या.”

साहेब हातात शिक्का घेऊन खुर्चीमागे ताटकळत उभे होते.

“बाबा, पुरे की आता! किती बोलाल!” ती खेकसली, आणि तोंडावर हात धरून तशीच उभी राहिली.

आठ महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं.