पुठ्ठ्याचा चेक

"म्हणजे मी पैसे दिले नाहीत, असं मीच लिहून देऊ?" माजी नगरसेवक भाऊंनी विचारलं. घाटकोपरच्या त्यांच्या कार्यालयात कामं घेऊन आलेली माणसं कान टवकारून गप्प झाली.

"दिलेच नाहीत ना, भाऊ," अक्षता म्हणाली. "तुमची मॅरेथॉन जिंकले, तेव्हा स्टेजवर पन्नास हजारांचा पुठ्ठ्याचा चेक हातात दिलात. फोटो झाल्यावर तुमच्या माणसांनी तो परत नेला. आता अमेरिकेतल्या कॉलेजने तो फोटो बघितलाय. बक्षिसाचे पैसे घेतलेल्याला ते संघात घेत नाहीत. मग धावण्यावर मिळणारी स्कॉलरशिप पण गेली."

शेजारी उभे असलेले तिचे बाबा तिला कोपराने ढोसत होते. त्या पैशांसाठी वर्षभर त्यांनी इथला उंबरा झिजवला होता. दर वेळी चहा मिळायचा, आणि 'पुढच्या आठवड्यात या'. बापाच्या त्या लाचारीची अक्षताला चीड यायची. आज मात्र भाऊंचा बोलाचाच भात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडणार होता.

"निवडणूक तोंडावर आलीये," भाऊ थंडपणे म्हणाले, "आणि तू मला माझ्याच सहीने खोटा पाडायला आलीस."

"फक्त कॉलेजला पाठवीन. इथे कोणाला दाखवणार नाही."

"चार माणसांत बोललीस, आता काय दाखवायचं राहिलं?" भाऊंनी खण उघडून नोटांचं बंडल काढलं आणि दाराशी उभ्या कार्यकर्त्याला खूण केली. "केतन, मोबाइल घे. आपण शब्द पाळतो, हे लोकांना दिसू दे."

अक्षताने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला नकोत पैसे."

"तुला कोण देतंय?" भाऊ उठले, टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि बंडल त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. "मुलीच्या बापाला देतोय. कॉलेजला हा फोटो पाठव."

माणूस इतका नीच असू शकतो, हे अक्षताला तोवर माहीत नव्हतं.

"बाबा, काढा ते," ती म्हणाली. "आधी परत द्या."

बाबांचा हात खिशाकडे गेला.

"काका, इकडे बघा," केतन म्हणाला.

भाऊंबरोबर फोटो म्हटला की हसायचं असतं, हे त्या वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही. बाबा हसले.