आगाऊ मृत्युलेख

"टिपणीस सर आयसीयूत आहेत," रविवार पुरवणीच्या संपादकबाई फोनवर हळू आवाजात म्हणाल्या. "काही खरं नाही म्हणतात. त्यांच्यावरचा मृत्युलेख आधीच देऊन ठेवाल का?"

कादंबरीकार मुळगुंदांना गहिवरून आलं. चाळीस वर्षं ज्याच्याशी वैर केलं, त्याच्याबद्दलचा शेवटचा शब्द आपला असणार! संध्याकाळच्या आत लेख गेला. 'टिपणीस गेले आणि मला माझी पहिली कादंबरी आठवली,' अशी सुरुवात होती. पुढे मुळगुंदांचं खडतर बालपण, मुळगुंदांचे पुरस्कार आणि मुळगुंदांचं हुकलेलं संमेलनाध्यक्षपद.

मग ते रोज सकाळी फाटकाशी पेपरची वाट बघत उभे राहू लागले. एके दिवशी पहिल्याच पानावर बातमी होती: टिपणीस धोक्याबाहेर. मुळगुंद तिथल्या तिथे कोसळले ते उठलेच नाहीत.

"आता यांच्यावर तासाभरात कोण लिहून देणार?" संपादकबाई वैतागल्या.

"बाई, लेख आहे की आपल्याकडे," उपसंपादक म्हणाला.

त्याने टिपणिसांचं नाव असलेली ती एकुलती एक ओळ काढली, 'मी'च्या जागी 'मुळगुंद' घातलं आणि बाकीचा लेख जसाच्या तसा छापला.

हॉस्पिटलात टिपणिसांना बायकोने तो वाचून दाखवला. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग कण्हत कण्हत उशीला टेकून बसले.

"अगं, एवढा मोठा लेख, आणि त्यात माझं नाव एकदाही नाही?"